श्रद्धेचा रियाज

गुरुपौर्णिमा जवळ आली की आमच्या घरी पूजेची तयारी सुरू होते. मात्र ती देवघरात नव्हे, बाहेरच्या खोलीत. सतरंजीवर पाट मांडायचे, पाटांवर धुतलेले पंचे अंथरायचे, आणि त्यांवर दोन तंबोरे, आजोबांच्या वेळची सारंगी, पेटी, तबल्याच्या तीन जोड्या आणि एक पखवाज असा सगळा परिवार बसवायचा. प्रत्येकाला गंध, फूल, हळदकुंकू. पखवाजाला तर अण्णा स्वतःच्या हाताने हार घालीत. वाद्याला पाय लागू द्यायचा नाही, चुकून लागलाच तर तेथल्या तेथे नमस्कार करायचा, जेवून उठल्यावर हात धुतल्याखेरीज तबल्यावर थाप मारायची नाही, हे नियम आम्हां मुलांना बाराखडीच्या आधी शिकवले गेले. वाद्य हा देव आहे, ही गोष्ट आमच्या घरात कोणी कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

तीर्थरूप अण्णा बडोद्याच्या दरबारचे गवई. 1949 च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन पोरवयात होते. दरबारच्या नोकरीची अखेरचीच काही वर्षे त्यांच्या वाट्याला आली. तरी सणासुदीला राजवाड्यात जाऊन गाण्याची हजेरी त्यांनी पुढे कित्येक वर्षे चुकवली नाही. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. पण दरबाराची शिस्त, अदब आणि सोवळेओवळे मात्र आमच्या दांडिया बाजारातल्या घरात मी पुरेपूर पाहिले. आज जे सांगावयाचे आहे ते त्या सोवळ्याओवळ्यासंबंधी.

आमची वाद्ये नीट करायला एक डबगर येत. डबगर म्हणजे पिढ्यान् पिढ्या कातड्याचे काम करणारी आमच्या गुजरातेतली जमात. एके काळी तूप-तेल साठवण्याचे कातडी बुधले हेच लोक करीत; ढोल, नगारे, तबले मढवणे हेही त्यांचेच काम. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काका ओसरीवर बसत. पुढ्यात तबला, बाजूला रापी, हातोडी आणि भिजवलेल्या वादीचे वेटोळे. मी तासन् तास पाहत बसे.

तबला वाजवणारे पुष्कळ, ऐकणारे त्याहून पुष्कळ. परंतु तबला होतो कसा हे फारच थोड्यांना ठाऊक असते. बकऱ्याचे कातडे भिजवून, केस काढून, खरवडून पातळ करायचे. ते कोठे किंचित जाड राहिले तरी स्वर फाटतो. मग त्यावर कडेची चाट, भोवती विणलेला गजरा, आणि मध्यभागी शाई. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचा लगदा थरावर थर द्यायचा आणि प्रत्येक थर दगडाने घोटायचा. शाई हळूहळू भेगाळते, आणि त्या अतिसूक्ष्म भेगांमुळेच पुडी मोकळी होऊन तिच्यातून स्वच्छ स्वर निघतो. पुडी खोडावर चढवून वादीने आवळली की काका कान खाली नेत, बोटाने हलकेच टिचकी मारीत, पुन्हा हातोडी, पुन्हा टिचकी. आत अण्णांचा तंबोरा लागलेला असे. एका क्षणी काकांची मान हले आणि ते ओसरीवरूनच हाक देत, "अण्णासाहेब, हवे बोले छे!" आता बोलतो. अण्णा आतून "वाहवा" म्हणत. त्या दोघांच्या कानांत एका श्रुतीचाही फरक कधी पडल्याचे मला स्मरत नाही.

नंतर चहा येई. आतल्या माणसांचा चहा कपबशीतून; काकांचा एका कान तुटलेल्या कपातून. तो कप ओसरीच्या खिडकीत, बाहेरच्या अंगाला असे. चहा झाला की काका उठत, अंगणातल्या नळावर तो कप स्वतः विसळीत आणि पुन्हा खिडकीत पालथा घालीत. कोणी त्यांना तसे सांगत नसे. सांगण्याची गरजच उरलेली नव्हती. मग मी ती नवी पुडी चढवलेली जोडी उचलून आत नेई आणि अण्णा तिला गंध-फूल वाहत. काकांच्या हातचे कातडे उंबरा ओलांडून पाटावर जाऊन बसे. काका मात्र उंबऱ्याबाहेर. पूजेचा प्रसाद त्यांना मिळे, पण तो वरून ओंजळीत सोडलेला.

वाचकांनी अण्णांविषयी गैरसमज करून घेऊ नये. ते दांभिक नव्हते. आषाढी-कार्तिकीला ते चोखोबांचे अभंग गात, आणि गाताना त्यांचे डोळे खरोखर भरून येत. चोखोबा म्हणजे चौदाव्या शतकातले महार संत. विठ्ठलाचा एवढा मोठा भक्त, पण देवळात पाऊल ठेवायची मुभा नव्हती. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेवांच्या पायरीजवळ आहे; म्हणजे मरणानंतरही ते बाहेरच. पुढे 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा कोठे ते दार सर्वांसाठी उघडले. तोवरची सहाशे वर्षे देवळात चोखोबांच्या नावाचा गजर होत होता, त्या गजराला पखवाज वाजत होता, आणि पखवाजावर कातडे होते. कातडे आत गेले. कातडे कमावणारा बाहेर राहिला. अण्णांना हे ठाऊक नव्हते असे नाही. अभंग ते मनापासून गात आणि काकांचा कपही मनापासून वेगळा ठेवीत. ह्या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत.

हे एकट्या आमच्या घराचे नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात नादाला ब्रह्माच्या पदवीला नेऊन बसवले आहे, आणि सर्व प्राण्यांच्या ठायी असलेले चैतन्य तेच नादाचे रूप असे मानले आहे. गाणे शिकवताना मी हे दर वर्षी मुलांना सांगतो. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तली स्वाती मुनींची कथाही सांगतो. मुनी तळ्यावर गेले असता पाऊस आला. कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे नाद त्यांच्या कानी पडले, आणि त्यावरून त्यांनी विश्वकर्म्याच्या मदतीने चर्मवाद्ये निर्माण केली. सुंदर कथा आहे. पण ती सांगताना आपण विश्वकर्म्यापाशी येऊन थांबतो. त्या वाद्यासाठी जनावर कोणी सोलले, कातडे कोणी कमावले, हे मुले कधी विचारीत नाहीत आणि मीही कधी सांगितले नव्हते.

आमचे बडोदे या बाबतीत अभिमानाने मिरवावे असे गाव. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. परंतु त्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढे आर्यसमाजी पंडितांनी ते काम हाती घेतले. महाराजांचा हुकूम होता, तिजोरीतला पैसा होता, वेदान्त तर घरोघरी होता. उणीव होती ती वर्गात त्या मुलांशेजारी उभे राहणाऱ्या माणसाची. ह्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली नोकरीसाठी बडोद्यास आले. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत. राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी उतारशाळेत त्यांनी काही दिवस काढले, आणि ते कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही घालवले. त्या दिवशी ते कमाटी बागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईची गाडी पकडून निघून गेले. आज तेथे संकल्पभूमी म्हणून स्मारक आहे. मी सकाळी फिरायला त्याच बागेत जातो.

संगीतापुरते बोलायचे तर ह्या गावाने काही उंबरे ओलांडलेही आहेत. मौलाबक्षांच्या हाती महाराजांनी 1886 साली गायनशाळा सोपवली. 1916 साली पं. भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरवली. श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा ब्राह्मण तरुण येथे येऊन उस्ताद फैयाझखाँसाहेबांचा गंडा बांधून घेतो, आणि खाँसाहेब त्याला हातचे न राखता विद्या देतात, हेही आमच्याच गावात घडले. खाँसाहेब कृष्णाची वंदना गात तेव्हा ऐकणाऱ्याला त्यांची जात-धर्म आठवत नसे. पण त्याच खाँसाहेबांच्या येथल्या कबरीची 2002 च्या दंगलीत मोडतोड झाली. मैफलीत आपण जेथे पोहोचतो तेथून रस्त्यावर येईपर्यंत किती खाली उतरतो, याचे ह्याहून बोलके माप दुसरे नसावे.

दक्षिणेतली गोष्ट तर आमच्या ओसरीशी अगदीच जुळणारी. कर्नाटक संगीतातला मृदंगम् हे देववाद्य. त्याला गाय, म्हैस आणि शेळी या तिन्हींचे कातडे लागते. गायक टी. एम. कृष्णा यांनी हे वाद्य घडवणाऱ्या, बहुतांशी दलित ख्रिस्ती असलेल्या कारागिरांवर एक पुस्तक लिहिले. त्याचा प्रकाशनसमारंभ चेन्नईच्या कलाक्षेत्राच्या सभागृहात व्हायचा होता. 2020 च्या आरंभी संस्थेने दिलेली परवानगी मागे घेतली आणि समारंभ दुसरीकडे करावा लागला. मृदंगम् त्या सभागृहात अनेक वर्षे वाजत आला आहे. तो कशाचा बनतो आणि कोण बनवतो हे मात्र तेथे मोठ्याने बोलणे जड गेले. ती बातमी वाचून मी दोन दिवस कलाक्षेत्रावर तावातावाने बोलत होतो. आमच्या खिडकीतला कान तुटलेला कप त्या वेळीही जागच्या जागी होता.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. अण्णा गेले, घर, वाद्ये आणि शिकवणी माझ्याकडे आली. काका थकले तरी येत राहिले, ओसरीवर बसत राहिले. मी त्यांना एकदोनदा "आत या" म्हटले. ते "अहीं ठीक छे, भाऊ" म्हणाले आणि मी तेवढ्यावर समाधान मानले. पुढे त्यांचा नातू माझ्याकडे गाणे शिकायला येऊ लागला. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, कानाचा पक्का. तंबोरा किंचित उतरला तर माझ्याआधी त्याची मान वळे. हा कान कोठून आला ते मला सांगावे लागले नाही.

तीन वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. पूजा मांडून झाली होती, मुले आणि त्यांचे पालक सतरंजीवर बसले होते. तो मुलगा आजोबांनी नवी पुडी चढवून दिलेला तबला घेऊन आला. मी तो घेऊन पाटावर ठेवला, सर्वांनी नमस्कार केला. मुलगा ओसरीवरच उभा राहिला. मी म्हटले, "आत ये रे." तो म्हणाला, "इथे बरं आहे, सर." इतक्यात एका विद्यार्थिनीच्या आईने मला हळूच विचारले, "तो आत बसणार आहे का? प्रसाद आहे, म्हणून विचारलं." बाई वाईट नव्हत्या, आवाजात द्वेष नव्हता, विचारणेही संकोचाचेच होते. मी त्यांना काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "राहू द्या, त्याला तिथंच बरं वाटतंय."

इतकेच वाक्य. मी कोणाला हाकलले नाही, कोणाला बोललो नाही. एका मुलाच्या भिडेच्या आड मी स्वतःची भीड लपवली. गाण्याची पाळी आली तेव्हा तो आत आला, सुरेल भूप गायला, पुन्हा ओसरीवर गेला, आणि प्रसाद त्याने ओंजळीत घेतला. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग मी त्यांच्या दुकानी गेलो. चाळीस वर्षे ज्यांच्या हातचे वाद्य आमच्या घरात पूजले गेले, त्यांच्या दुकानाचा उंबरा मी तोवर ओलांडला नव्हता. माणूस पाठवला की काम होत असे. आत कातड्याचा आणि खळीचा उग्र वास होता. भिंतीशी लहानसे देवघर, आणि देवांच्या तसबिरीसमोर रापी आणि घोटायचा दगड ठेवून त्यांना कुंकू लावलेले. म्हणजे तेही आपल्या हत्यारांची पूजा करीत होते. मुलगा कोपऱ्यात कातडे खरवडीत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी काकांना म्हणालो, "चूक माझी झाली. त्याला पाठवा." काका काही वेळ गप्प राहिले. मग आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "भाऊ, पोराला कोणी काय बोलला नाय. मीच त्याला शिकवला, अण्णासाहेबांच्या घरी ओसरीच्या पुढे जायचा नाय. पचास वर्ष मी त्याचाच रियाज केला ना."

ते रागाने म्हणाले नाहीत. पण तो शब्द मला लागला, कारण तो माझ्या धंद्यातला शब्द आहे. यमन रागाची सगळी माहिती तोंडपाठ असलेली, आणि तंबोऱ्याला बसली की तीव्र मध्यमाच्या जागी भलतेच काही लावणारी मुले मला रोज भेटतात. मी त्यांना म्हणतो, बाबा रे, तुला ठाऊक काय आहे ते गळा विचारीत नाही. तू रोज काय घोटले आहेस तेवढेच तो बाहेर काढतो. माझ्या मते धर्माचेही असेच आहे. सर्वांभूती एकच चैतन्य आहे हे आपल्याला ठाऊक असते. ते आपण वर्षातून चार वेळा, सणाच्या दिवशी, सुरेख चालीत म्हणतो. वेगळा कप, वरून सोडलेला प्रसाद, ओसरीची हद्द ह्यांचा मात्र रोज रियाज होतो, सकाळ-संध्याकाळ, पिढ्यान् पिढ्या. मग ऐन वेळी, कोणी हळूच एक प्रश्न विचारला म्हणजे, तोंडातून काय निघणार? जे घोटले आहे तेच. माझ्याही तोंडातून तेच निघाले. श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. अण्णांचे अश्रू खरेच होते. ती रियाजाविना राहिलेली श्रद्धा होती. अस्पृश्यता 1950 साली राज्यघटनेने रद्द केली, पण हाताला पडलेली सवय कायद्याचे कलम वाचीत नाही. तिच्यावर तोडगा एकच, उलट दिशेचा रियाज.

म्हणून मी एक लहानसा पाठ सुरू केला आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा काकांच्या दुकानी अर्धा दिवस बसायचे, पुडी चढवताना पाहायची, शाईचा एक थर स्वतःच्या हाताने घोटायचा, आणि निघण्यापूर्वी त्यांच्या घरचे पाणी आणि चहा घ्यायचा. पहिल्या दिवशी पेला हातात घेताना माझाच हात क्षणभर अडखळला, हे कबूल केले पाहिजे. दोन पालकांनी आपली मुले माझ्याकडून काढून घेतली. कारण त्यांनी परीक्षेचे सांगितले, मीही अधिक विचारले नाही. बाकीची येतात. वासाने नाक मुरडतात, मग घोटता घोटता विसरतात. काकांचा नातू पुन्हा शिकायला येतो, आणि त्या दिवशी दुकानात तो गुरू असतो.

गेल्या गुरुपौर्णिमेला काका स्वतः आले. आत आले, पण दाराजवळ, सतरंजीच्या अगदी कडेला बसले; अर्धे सतरंजीवर, अर्धे फरशीवर. पखवाजाला हार मी त्यांच्या हातून घालवला. आईने पंचाहत्तरी कधीच ओलांडली आहे. तिने सगळ्यांबरोबर त्यांनाही कपबशीतून चहा दिला. देताना ती थोडी थबकली, पण दिला. चहा संपला आणि काका सवयीने उठले, कप घेऊन अंगणातल्या नळाकडे निघाले. मी मागोमाग जाऊन कपाला हात घातला. ते सोडीनात, मीही सोडीना. "राहू दे, भाऊ," ते म्हणाले, आणि आम्ही दोघे म्हातारे-जाणते एका कपावरून नळापाशी लहान मुलांसारखी ओढाताण करीत उभे राहिलो. शेवटी नळ त्यांनी सोडला आणि कप मी विसळला.

आणखी बराच रियाज करावा लागणार आहे.